आंतरराष्ट्रीय विषय

मानवत,
३ सप्टेंबर

प्रिय बालाजी,

काल महालक्ष्म्या उठल्या. पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं रीतीनं झालं आणि आज हात रिकामे झाले, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. जरा आवाज चढला की ‘अक्का, रेंज जायलीय’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला रेंज लागत नाही. तेव्हा आता गुमान बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझी निमंत्रणपत्रिका मिळाली. कागद लय भारी लावलास. ‘कै. विष्णुपंत सार्वजनिक वाचनालय’, आपल्या गावात, आपल्या आबांच्या नावानं, उद्घाटन सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर. अध्यक्ष तू, प्रमुख वक्त्या मी, विषय ‘युगोस्लाव्हिया का फुटला?’ माझ्या नावाखाली ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या इतिहासतज्ज्ञ’ असं छापलंयस. माझी कीर्ती अजून मानवतच्या बसस्टँडपुढं फारशी गेलेली नाही, पण असू दे. तीस वर्षं त्या एका देशावर वाचलं, लिहिलं, नकाशा काखेत मारून जिल्ह्यातल्या व्याख्यानमाला केल्या, तेव्हा माझ्याच भावानं एवढं म्हटलं तर बिघडलं काय.

बिघडलं ते तुझ्या त्या फोननं. तू म्हणालास, ‘अक्का, बाहेरदेशाचंच बोल बरं का. आंतरराष्ट्रीय विषय असला म्हंजे कुणाला लागत न्हाई.’ मी ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला. मग चार दिवस मला जेवण गेलं नाही, कारण तीस वर्षं मी नेमकं तेच करत आले होते. बाहेरदेशाचंच बोलत आले होते.

आता तुला माझं भाषण आधीच सांगते. लोक म्हणतात, तिथं सर्ब, क्रोएट आणि बोस्नियातले मुसलमान यांचं हजार वर्षांचं वैर होतं, झाकण उडालं आणि उतू गेलं. हे मला अजिबात मान्य नाही. एक्क्याऐंशीच्या जनगणनेत बारा लाख माणसांनी आपली ओळख नुसती ‘युगोस्लाव’ अशी लिहिली होती. वैराच्या वाफेवर उकळणारी माणसं असं लिहीत नाहीत. ऐंशी साली टिटो गेला. मागं राहिली परदेशी कर्जं, भडकलेली महागाई आणि आठ जणांनी एकेक वर्ष पाळीपाळीनं चालवायचं अध्यक्षपद. पक्षावरचा लोकांचा विश्वास उडाला आणि पुढाऱ्यांच्या पायाखाली उभं राहायला जागा उरेना. मग त्यांनी नवी जागा शोधली. कालपर्यंत समाजवादावर भाषणं देणारी माणसं वर्षभरात आपापल्या समाजाची कैवारी झाली. टीव्ही त्यांच्या ताब्यात होता. वैरातून लढाई निघाली नाही, बालाजी. लढाई हवी होती म्हणून वैर काढलं गेलं.

इथवर तुला काही अडचण नाही, मला माहीत आहे. तू खुर्चीवर मान डोलावत बसशील. अडचण पुढं आहे. तू नेहमी म्हणतोस ना, ‘त्या लोकांनी जुनी मढी उकरली म्हणून पेटलं, तवा आपुन उकरू नये’? अर्धं खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं भयंकर कत्तली झाल्या होत्या. हर्झेगोव्हिनाच्या डोंगरात दरीएवढ्या खोल कपारी आहेत, त्यांत माणसं जिवंत ढकलली गेली. युद्धानंतरच्या सरकारनं त्यातल्या कित्येक कपारींच्या तोंडावर काँक्रीट ओतलं आणि वर ‘बंधुता आणि एकता’ अशी घोषणा दिली. बोलायचं नाही, विचारायचं नाही. नव्वद-एक्क्याण्णव साली काँक्रीट फोडलं, हाडं बाहेर काढली, मिरवणुका निघाल्या. पण उकरलं कुणी? ज्यांना मतं आणि बंदुका हव्या होत्या त्यांनी. आणि दाखवली फक्त आपली हाडं, आपल्या लोकांनी मारलेल्यांची नाहीत. पंचेचाळीस वर्षं घरातल्या माणसांनी आपल्याच घराबद्दल खरं सांगितलं असतं, तर त्या टीव्हीवाल्यांच्या हाती काही उरलं नसतं. माझ्या तीस वर्षांच्या अभ्यासाचं सार विचारशील तर एवढंच आहे. आणि ते मी लोकांना शिकवलं, स्वतःला शिकवलं नाही.

सहा वर्षांपूर्वी कॉलेजात हेच शिकवत होते. रिटायर व्हायला महिना राहिला होता. अर्पिता नावाची मुलगी उठली. ताडकळसच्या बाजूची, शेतकऱ्याची पोर, वर्गात कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, ‘मॅडम, आपल्याकडं पोलीस ॲक्शनच्या टायमाला असं काही झालं होतं का? माझी आजी कायतरी सांगती.’ साठ पोरं माझ्याकडं बघायली. मी चष्मा पुसला आणि म्हणाले, नाही, आपल्या भागात तसं काही झालं नाही. ती खाली बसली, मी फळा पुसला आणि पुढच्या प्रकरणाला लागले.

मी खोटं बोलले हे तुला ठाऊक आहे. तेहतीस वर्षं आपण दोघं त्यावर गप्प आहोत, तेव्हा आता एकदा लिहूनच टाकते. ब्याण्णवची दिवाळी. पाडव्याच्या दुपारी आबा ओसरीवर पान जुळवत बसले होते आणि मी त्यांना कॉलेजात येणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकातलं वाचून, मराठी करून सांगत होते. बोस्नियातलं प्रियेदोर नावाचं गाव. तिथल्या रेडिओनं हुकूम सोडला की जे सर्ब नाहीत त्यांनी घरावर पांढरी चादर लावावी आणि दंडाला पांढरी पट्टी बांधावी. मग याद्या करून माणसं नेली, मास्तर, डॉक्टर आधी. छावण्यांवर पहारा करणारे ओळखीचेच होते. एवढं वाचलं आणि आबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. म्हणाले, ‘आमच्या गावात चादरी न्हवत्या. पण यादी होती. ती मी लिव्हली.’ तू तेव्हा चहाची कपबशी घेऊन दारात उभा होतास. कपबशी खाली ठेवलीस आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेलास. पाणी सकाळीच दाखवलं होतं.

तू गेल्यावर ते सगळं बोलले. रझाकारांनी त्यांच्या काकांना वेशीत मारलं होतं, ते खरं. आबा तिरंगा लावला म्हणून तीन महिने निजामाच्या तुरुंगात होते, तेही खरं. आणि अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनला भारताच्या फौजा आल्यानंतर चार दिवसांनी बाहेरगावचे लोक ट्रकमधून आले, रझाकारांची घरं कोणती असं विचारायला लागले, तेव्हा बावीस वर्षांच्या आबांनी शिंपी गल्लीतली नऊ घरं लिहून दिली, हेही खरंच. त्या नऊतल्या दोनच घरांचा रझाकारांशी संबंध होता, हे त्यांनीच सांगितलं. बाकीची सात का लिहिली, विचारलं. ‘काकाचं मढं डोळ्यापुढं होतं. हात थांबलाच न्हाई,’ एवढंच म्हणाले. तिसऱ्या घरात गुलाम दस्तगीर राहायचे. शेरवान्या शिवायचे. आबांच्या मुंजीतला कोट त्यांनीच शिवला होता. दस्तगीरांना नेलं, ते परत आले नाहीत. दोन-चार वर्षांनी त्यांची पडकी जागा आबांनी कवडीमोलानं घेतली. त्याच जागेवर आता तुझं वाचनालय उभं राहिलंय.

मी आबांना वाईट माणूस म्हणायला निघाले नाही. मला त्यांची आठवण रोज येते. त्यांनीच मला गावात पहिली मॅट्रिक केली, भाऊबंदांशी भांडून शिकवलं. पण चांगल्या माणसानं ती यादी लिहिली, हेच तर मला सांगायचंय. राक्षस लिहितात म्हटलं की ऐकणारे निवांत घरी जातात.

आता तुला वाटेल, ही म्हातारपणी आत्ताच का पेटली. तर ऐक. अर्पिता आता परभणीत शिक्षिका आहे आणि सुटीत जुन्या माणसांच्या आठवणी लिहून घेते. माझ्या ‘नाही’वर तिनं विश्वास ठेवला नव्हता, बरं झालं. गेल्या महिन्यात ती मला एका घरी घेऊन गेली. रुकय्याबी, वय चौऱ्याऐंशी. गुलाम दस्तगीरांची धाकटी लेक. आईनं तिला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं म्हणून वाचली. मी कोणत्या गावची हे कळल्यावर तिनं माझे हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. शेवया खाऊ घातल्या. तक्रार नाही, शिव्याशाप नाहीत. निघताना फक्त म्हणाली, ‘बाई, तुमी लय शिकलेल्या. आमच्या अब्बाचं नाव त्या कागदावर कुनी लिव्हलं, तुमास्नी काय म्हाईत हाय का? मरायच्या आंदी एवढंच कळावं वाटतंय.’ आणि बालाजी, मी पुन्हा ‘नाही’ म्हणाले. तिचे हात माझ्या हातात असताना म्हणाले.

म्हणून हे पत्र. परवानगी मागायला नाही, ती मला तुझ्याकडून नको आहे. सतराला मी युगोस्लाव्हियावर बोलेन, पत्रिकेत छापलंय तसं, आणि शेवटची दहा मिनिटं आपल्या गावावर आणि आपल्या बापावर बोलेन, नावानिशी. पत्रिकेतलं माझं नाव कापायचं तर काप, मी समोरच्या पारावर उभी राहून बोलेन. माईक बंद केलास तरी हरकत नाही, पस्तीस वर्षं बिनमाईकचं शिकवलेली बाई आहे मी. भाऊबंद थुंकतील, राखी बंद होईल, तुझी पुढची निवडणूक जाईल, हे सगळं धरून बसले आहे. पण रुकय्याबीला मी सतराला घेऊन यायलेय. आधीच्या संध्याकाळी तिच्या घरी जाऊन, तिच्यापुढं बसून, माझ्या तोंडानं तिला उत्तर देणार आहे. चारचौघांत तिला धक्का द्यायचा नाही. ते ऐकूनही ती आली, तर सकाळी अर्पिताची गाडी वेशीत थांबेल. तिथून वाचनालयापर्यंत तिच्या बापाची गल्ली आहे, रस्ता खडबडीत आहे आणि तिचे गुडघे गेलेत. कुणीतरी हाताला धरून आणावं लागेल. मी धरू शकले असते. पण ते काम विष्णुपंतांच्या मुलानं करावं, सगळ्या गावादेखत, असं मला वाटतं, आणि तेवढं मागायलाच लिहायला बसले होते. आठ वाजता वेशीत ये.

तू आलास, न आलास, तरीही
तुझीच,
अक्का