कोंबड्याचा तुरा आणि कमळाबाईंचा डावा गाल

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी साहेब,
तात्पुरता पक्षीरोग प्रतिबंध कक्ष,
महाड.

विषय : जप्त बाटली खड्ड्यात न पुरता परत मिळणेबाबत, तसेच कमळाबाई यांना पक्ष्यांच्या यादीतून कमी करणेबाबत.

संदर्भ : आपले जप्तीपत्र, दि. १६ मार्च २००६ (गोमाजी यांनी पार्लरच्या आरशावर खळीने चिकटवलेले, अद्याप निघत नाही).

महोदय,

अर्जदार नशरा अझीम मुकादम ही महाड येथे बायकांचे ब्यूटी पार्लर चालवते. तिचा भाऊ अजमल दुबईस असतो. चेहऱ्याला लावायच्या हायल्युरॉनिक ॲसिडची एक बाटली त्याने पाठवली. बाटली अंगठ्याएवढी. नाव ॲसिडचे असले तरी ते जाळत नाही. कातडीत पाणी धरून ठेवते आणि सुकलेला गाल भरल्यासारखा दिसतो.

१. गुरुवार दि. १६ रोजी पोलादपूरच्या कमळाबाई पार्लरमध्ये आल्या. बावीस वर्षे त्या एस.टी. स्टँडसमोर भज्यांच्या कढईपुढे उभ्या आहेत. येत्या रविवारी, २६ तारखेस, त्यांच्या मुलीचे, आम्रपालीचे लग्न. त्यांचे म्हणणे एवढेच होते : “गो नशरा, लग्नाच्या फोटोत माझं तोंड तळल्यासारखं दिसाया नको.” जन्मात पहिल्यांदा ही बाई स्वतःसाठी खुर्चीत बसली, याची नोंद अर्जदार मुद्दाम करत आहे.

२. उजवा गाल झाला. तो सुकेपर्यंत अर्जदाराने बाटलीच्या डब्यातली इंग्रजी चिठ्ठी मोठ्याने मराठीत सांगितली, की हे कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. नेमके त्याच वेळी आपले शिपाई गोमाजी, नवापूरकडच्या बर्ड फ्लूच्या साथीमुळे आळीतल्या कोंबड्या मोजत, दारापर्यंत पोचले होते. “कोंबडा कुठं हाय?” म्हणत ते थेट आत आले. “भाऊ, कोंबडा नाय, बाटली हाय,” असे अर्जदाराने सांगताच त्यांनी बाटली उचलली. डावा गाल राहिला.

३. आपल्या छापील फॉर्मात माणसासाठी रकाना नाही. सबब गोमाजी यांनी ‘संपर्कातील पक्षी’ या रकान्यात कमळाबाईंची नोंद केली ती अशी : “मादी, प्रौढ, गावठी. नग एक.” कमळाबाईंनी ती दोनदा वाचून घेतली. त्यावर त्या जे बोलल्या ते सरकारी कागदावर येण्याजोगे नाही. सुरुवात “गावठी तुझी” अशी होती.

४. पुढे आपण फर्मावले, की ज्याचा तुरा वापरला तो कोंबडा तीन दिवसांत हजर करावा. कोंबडा कोणत्या मुलुखातला, हयात आहे किंवा कसे, अर्जदारास ठाऊक नाही. दुबईस फोन लावून विचारले असता भाऊ हसतच राहिला आणि कार्ड संपले. सबब कोंबडा गैरहजर.

५. शुक्रवारी अर्जदार समक्ष आली असता आपण म्हणालात, “कोंबडा नसेल तर ॲसिड आहे. तरीही जप्तच.” तर साहेब, कोंबडा की ॲसिड, हे एकदा ठरवावे. कोंबडा म्हणून चुना टाकायचा आणि ॲसिड म्हणून हातमोजे घालायचे, अशी दुहेरी शिक्षा अंगठ्याएवढ्या बाटलीला कोणत्या कलमाखाली आहे, ते लेखी कळवावे.

६. आणखी असे, की हा पदार्थ प्रत्येक माणसाच्या अंगात जन्मतःच असतो. कातडीत असतो, गुडघ्यात असतो, डोळ्यातही असतो. वय वाढते तसा कमी होतो. म्हणजे आपल्याही गालात तो थोडाफार शिल्लक आहे. गोमाजींच्या जरा जास्त. बाटली पुरली तर नियम सर्वांना सारखा लावावा लागेल, आणि खड्डा बराच रुंद खणावा लागेल.

७. कमळाबाई सध्या गिऱ्हाइकाकडे उजवी बाजू करून भजी तळतात. फोटोवाल्याला त्यांनी सांगून ठेवले आहे, की माझे फोटो उजवीकडूनच घे. हे ऐकून आम्रपाली म्हणाली, “आईचं पुरतं तोंड येणार नसेल, तर माझा एक पण फोटो काढू नका.” मुलगी आईच्या वळणावर गेली आहे. शब्द फिरवणार नाही.

बाटली बुधवारी सकाळी अकरा वाजता कोंबड्यांच्या खड्ड्यात पुरणार असे कळते. अर्जदार माफी मागत नाही, कारण तिची चूक नाही. त्याआधी बाटली परत करावी आणि यादीत खाडाखोड करून “कमळाबाई, माणूस” असे लिहून सही करावी. तसे न झाल्यास अर्जदार पार्लरची खुर्ची, आरसा (आपल्या जप्तीपत्रासह) व कमळाबाई यांना घेऊन खड्ड्याच्या काठावर हजर होईल, आणि बाटलीवर चुना पडायच्या आत डावा गाल आपल्यादेखत पुरा करील.

नम्रतेची मुदत बुधवार, सकाळी अकरापर्यंत.

नशरा अझीम मुकादम
महाड, सोमवार, दि. २० मार्च २००६

सोबत :
१) बाटलीचा रिकामा डबा व चिठ्ठी.
२) फोटो दोन : उजवा गाल, डावा गाल.
३) कमळाबाई, समक्ष. आवक रजिस्टरात माणूस म्हणून नोंद करून पोच द्यावी. तोवर त्या आपल्या बाकावरून उठणार नाहीत.