ती म्हणेल तेव्हा उचल

प्रिय धाकटे,

फोनवर तू निसटतेस, म्हणून हा कागद. माझ्या लेकीचा विषय निघाला की तुझ्या दारावर कोणीतरी येतं, नाहीतर गॅसवर काहीतरी उतू जातं. इतकं उतू जाणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. कागदाला ही सबब सांगता येत नाही. फार तर घडी घालून ठेवशील, पण ती घडी तूच पुन्हा उघडशील, मला तू माहीत आहेस. तेव्हा बस आणि वाच. आधीच सांगते, वाईट काही झालेलं नाही. म्हणजे आज तरी नाही. आमच्या घरात याच्या पुढचं वाक्य कोणी बोलत नाही.

तुझ्या भावोजींना बोटं मोडायची सवय होती, आठवतं? कामावरून आले की खुर्चीत बसून एकेक बोट कडकन मोडायचे आणि तू त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायचीस. ती सवय मी सोडवली. नाहीतर माझाच जीव जायचा. पेन्सिल तुटली, कपाटाचं दार कुरकुरलं, बाहेर कोणाच्या पायाखाली वाळकी काटकी आली, की मी हातातलं काम तसंच ठेवून उभी राहते आणि तिच्या रडण्याची वाट बघते. रडू ऐकू आलं नाही की मग श्वास सोडते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्याकडे तो पाहुणा म्हणून आला आणि मुक्कामालाच राहिला.

त्या पिवळ्या फ्रॉकचं तुला सांगायला नको. तरी या पत्रात ते यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच समजूत घातल्यासारखं वाटेल. ती तेव्हा धड बसतही नव्हती. तू तिला आंघोळीनंतर फ्रॉक घालत होतीस. बाहीत हात अडकला, तू तो अलगद ओढलास, कोणीही ओढेल तसा. मग तो आवाज आला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, बाळ कोणाच्या हातात होतं, आणि आमच्या सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. त्यांनी तुला वेगळ्या खोलीत नेऊन तेच तेच विचारलं. पुढे तपासण्या झाल्या, हाडंच जन्मापासून ठिसूळ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं, आज इथे मोडलं नसतं तर उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात मोडलं असतं. तू मान डोलावलीस, बॅग भरलीस आणि गेलीस. तेव्हापासून खेळणी येतात, गोष्टींची पुस्तकं येतात, तू येत नाहीस. एकदा आलीस ती दारातच उभी राहिलीस, दोन्ही हात पाठीमागे धरून. शाळेतल्या मास्तरांपुढे उभं राहावं तशी. तुला वाटलं असेल कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं होतं.

आता आमचं कसं चाललंय ते ऐक. आम्ही ज्या केंद्रात जातो तिथे एक लांबट खोली आहे. एका भिंतीला जमिनीपर्यंत आरसा, त्याच्यापुढे धरून चालायचे दोन आडवे दांडे, कोपऱ्यात मोठाले रबरी चेंडू. तिथे दोन माणसं आमच्या वाट्याला आली आहेत. मुलं त्यांना पायवाल्या मॅडम आणि हातवाले सर म्हणतात. मॅडम उभं राहणं, चालणं शिकवतात. सर रोजची कामं शिकवतात, म्हणजे बटण लावणं, नळ फिरवणं, दात घासणं, आपले कपडे आपण घालणं. सर अंगाने पैलवान आहेत आणि हात असे हळू, जणू सुईत दोरा ओवतायत. पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा मी मोठ्या अभिमानाने त्यांना आमच्या गाद्या दाखवल्या. पडली तरी लागू नये म्हणून आम्ही घरभर जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या, अगदी स्वयंपाकघरापर्यंत. त्यांनी बूट काढले, गादीवर उभे राहिले आणि एवढा मोठा माणूस डगमगला. म्हणाले, सगळ्या उचला. मऊ जागी पाऊल रुततं आणि गुडघा पिरगळतो, हिला कडक जमीनच बरी. मॅडमनी वर आणखी एक ठेवून दिली. हाडावर भार पडला तर हाड पक्कं होतं, नुसतं झोपवून ठेवलं तर आणखी कच्चं होतं. मी तिला तळहातावरच्या फोडासारखी जपली होती ग, आणि त्या जपण्याने ती आणखी नाजूक होत होती. त्या दिवसापासून मला दोन भीती आहेत. हलवलं तर मोडेल ही एक आणि नाही हलवलं तर मोडेल ही दुसरी.

मग ते एक-दोन-तीन झालं. हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं, नुसतं पाय प्लास्टरमध्ये आहे म्हणाले होते. ती आता वजनाला वाढली आहे, म्हणून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत ठेवताना आम्ही दोघं मिळून उचलायचो. खांद्यांकडे हे, कमरेकडे मी. हे मोजायचे. आता तुझे भावोजी 'तीन' म्हणता म्हणता उचलतात आणि मी 'तीन' म्हणून झाल्यावर उचलते. लग्न झाल्यापासून हे असंच आहे. कपाट हलवताना, टेबल सरकवताना, दर वेळी एक बाजू आधी वर जाते आणि आम्ही भांडतो. कपाटाला काही होत नाही. त्या दिवशी आमच्या दोघांच्या मध्ये तिची मांडी होती. आवाज मी लगेच ओळखला. ती ओरडली नाही, आधी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग रडली. पाय बरा व्हायला किती वेळ लागला ते विचारू नकोस, आणि शिकलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्लास्टर निघाल्यावर सर आम्हाला रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. आम्हा नवरा-बायकोला जमिनीवर बसवलं आणि तिला विचारलं, "अंग कोणाचं?"

"माझं."

"मग हुकूम कोणाचा?"

तिला आजवर कोणी असं विचारलंच नव्हतं. उचलायचं आम्ही, ठेवायचं आम्ही, घाबरायचंही आम्हीच. त्या दिवसापासून आमच्याकडे मोजणं बंद आहे आणि उचलायचं ते एकाच माणसाने. तिला हात लावायचा तर आधी दोन्ही तळवे उघडे करून तिला दाखवायचे. बोटं पसरलेली. मग ती सांगते, एक हात पाठीखाली, एक बुडाखाली, थांब, उशी काढ, थांब, आणि अखेर म्हणते, उचल. 'उचल' आल्याशिवाय कोणी उचलायचं नाही. काखेत धरायचं नाही, हाताला किंवा पायाला धरून ओढायचं तर मुळीच नाही. तुझे भावोजी तिला बाईसाहेब म्हणतात आणि साहेबापुढे कारकून वाकावा तसे वाकून उभे राहतात. एकदा त्यांचे हात तिच्या पाठीखाली होते आणि हिला एक गोष्ट आठवली. ती पूर्ण होईपर्यंत बाईसाहेबांनी त्यांना तसंच वाकवून ठेवलं. नंतर ते कंबर धरून बसले आणि मी हसले. खूप दिवसांनी हसले बघ.

फ्रॉकही आता तीच घालते. सरांनी टोकाला आकडी असलेली एक काठी करून दिली आहे, त्या काठीने ती कापड पुढे ओढून घेते. जो हात दोनदा मोडलाय तो आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हे ती मलाच समजावते. बाहीची वेळ आली की मी अजून भिंतीकडे बघते. तिला ते माहीत आहे. झालं की म्हणते, वळ आई.

मॅडमकडे तर माझी हकालपट्टी झाली आहे. पायांना पट्ट्या बांधून ती दांड्यांमध्ये उभी होती. उभी राहिल्यावर ती केवढी उंच दिसते, मला ठाऊकच नव्हतं. आरशात स्वतःला बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिने एक हात सोडला आणि आरशातल्या मुलीला टाटा केला. माझ्या तोंडून 'अगं' एवढंच निघालं, पण ते इतक्या जोरात निघालं की ती दचकली आणि गुडघे वाकले. मॅडमचा हात आधीच कमरेपाशी होता म्हणून निभावलं. मॅडम म्हणाल्या, "आई, तुमची भीती हिच्या गुडघ्यात उतरते. तुम्ही बाहेर बसा." तेव्हापासून मी बाहेरच्या बाकावर रुमाल दातांत धरून बसते. आतून पायांचा आवाज येतो, घासत, थांबत. आवाज थांबला की मी दाराकडे बघते, सुरू झाला की रुमाल आणखी घट्ट चावते. मागच्या आठवड्यात मॅडमनी दार उघडून सांगितलं, बाईसाहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मी बाकावरून उठू शकले नाही. पाय माझेच गेले होते.

मॅडम एकच गोष्ट बजावतात. आता खंड पडू द्यायचा नाही. मोठी सुट्टी घेतली की हाडं सुट्टीतच कच्ची होतात, आणि पुन्हा उभी राहताना मोडायची भीती सगळ्यात जास्त असते. म्हणजे रोज सकाळी आणि दुपारी तिला पलंगावरून उचलून खुर्चीत, खुर्चीतून केंद्रातल्या दांड्यांपाशी न्यायला कोणीतरी हवंच.

त्यासाठीच नणंदबाई येऊन गेल्या. त्यांना तू ओळखतेस. माया अफाट आणि काम झपाट्याचं. एवढी मुलं वाढवली, मला कसली भीती, म्हणत आल्या. पोरगी पलंगावर होती. ती म्हणाली, थांब आत्या, आधी हात दाखव. आत्या म्हणाल्या, अगं, आता तू मला शिकवणार का, आणि काखेत धरून एका झटक्यात उचलून कडेवर घेतली. काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. आत्या हसत होत्या, पोरगी पांढरीफटक पडली होती आणि मी दारात चौकट धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना काहीतरी निमित्त सांगून परत पाठवलं. त्या रागावल्या आहेत. रागावू देत.

आता या पत्राचं कारण. माझ्या पोटात गाठ आहे. साधी आहे, डॉक्टरांना तिची चिंता नाही आणि मलाही नाही. पण आता काढायलाच हवी, मी बरीच पुढे ढकलली. काढल्यानंतर दीड-दोन महिने मला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, मग लेक कुठली. तुझे भावोजी सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. नणंदबाई गेल्यावर मी पलंगावर बसून रडत होते तेव्हा लेकीने विचारलं, मावशी का येत नाही. मला वाटलं आता खोटं काय सांगू. मी म्हटलं, मावशीला भीती वाटते ग, तुला हात लावायची. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग तिलाच बोलव. आत्या घाबरत नाही, म्हणून थांबत नाही. मावशी थांबेल." धाकटे, मी तुला धीर देत नाहीये, माझ्याकडेच तो नाही. तुझ्या हातून पुन्हा काही मोडणार नाही असंही मी लिहून देऊ शकत नाही. माझ्या हातून मोडलंय, तिच्या बापाच्या हातून मोडलंय, कोणाच्याही हातून मोडेल. पण आमच्याकडे आता न घाबरणाऱ्या माणसाचं काम नाही. तू ये. आलीस की हात पाठीमागे धरू नकोस, पुढे कर, तळवे उघडे ठेव, बोटं पसर. ती सांगेल तसं कर आणि 'थांब' म्हणाली की थांब. बाकी काही येत नसलं तरी चालेल. मी बाहेरच्या खोलीत बसलेली असेन, रुमाल दातांत धरून, तिचा 'उचल' ऐकायला.

तुझीच,
ताई