चुणी चुगली करते

प्रिय बाबा,

पत्र बघून आधी दचकला असाल. फोन हाताशी असताना ही पत्र कशाला लिहिते, काही बिनसलं तर नाही ना, असं मनात येऊन चष्मा शोधायला लागला असाल. काही बिनसलेलं नाही. तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं, खोकला गेला. फोनवर आपण गेली सहा वर्षं एवढंच बोलतो, ते एका दमात उरकून टाकलं. आता मला तुम्हाला प्लॅस्टिकबद्दल बोलायचं आहे. फोनवर विषय काढला असता, तर 'थांब, दादाकडे देतो' म्हणून तुम्ही मोकळे झाला असतात.

मी दिवसभर काय करते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून न विचारताच सांगते. एखादा माल बाजारात यायचा असतो, त्याचं पाकीट अजून छापलेलंही नसतं, पण जाहिरातीसाठी फोटो तर हवा. तो फोटो मी संगणकावर बनवते. डबा, झाकण, खोकं हे सगळं सरळ असतं. प्लॅस्टिक मात्र नाकी नऊ आणतं, कारण पारदर्शक प्लॅस्टिक मुळात दिसतच नाही, बाबा. आपल्याला दिसतो तो त्याच्यावर पडलेला उजेड. इथे एक पांढरी रेघ, तिथे एक ठिपका, कोपऱ्यात जरा धुरकट. तेवढ्यावरून आपला डोळा ठरवतो की ही पिशवी आहे. तुम्ही एकतीस वर्षं बिस्किटांची पाकिटं सील करणाऱ्या मशीनवर उभे होतात, तुम्हाला हे कधी जाणवलं होतं का? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

चार महिन्यांपूर्वी एका बिस्किटाच्या पाकिटाचं काम माझ्याकडे आलं. बिस्किटवाल्याची लेक म्हणून मी हौसेने घेतलं आणि सपशेल तोंडावर आपटले. आमच्या मॅडमनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे गं, पण हे पाकीट कुणी हातात धरलेलंच नाही." त्यांचं बरोबर होतं. संगणकाने पाडलेल्या चुण्या सगळ्या एकसारख्या, शाळेच्या रांगेत उभ्या केल्यासारख्या. तेव्हापासून मी खऱ्या पिशव्या गोळा करते. पिशवी स्कॅनरच्या काचेवर ठेवायची, वर काळा पुठ्ठा. मग फक्त चमक उमटते, बाकी सगळं काळं. ते काळं संगणकावर उडवून टाकायचं आणि उरलेली चमक चित्रावर पसरायची. बघता बघता चित्र पिशवीत जाऊन बसतं. मला अजूनही दर वेळी गंमत वाटते. आता माझ्या टेबलाखाली पिशव्यांचा ढीग असतो. शेजारची मैत्रीण मला भंगारवाली म्हणते. भाजीच्या पातळ पिशवीला मऊ, झोपाळू चुण्या पडतात. शर्टाच्या कडक पिशवीला काचेला तडे गेल्यासारख्या टोकदार. तिला ताणून सरळ करा, इस्त्रीसारखा हात फिरवा, रेघ जात नाही.

हे मी शिकले कुठे, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कारखान्यातून तुटक्या बिस्किटांची पिशवी आणायचात. घरचा नियम असा की आणणारा हातपाय धुऊन समोर बसल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. 'देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड बघू दे की रे,' असं तुम्ही म्हणायचात. दादा गपचूप बसायचा. मला कुठला धीर. तुम्ही न्हाणीघरात गेलात की मी टेप उचकटायची, एक तुकडा तोंडात, आणि टेप पुन्हा जशीच्या तशी. निदान मला तसं वाटायचं. तुम्ही पिशवी उजेडात धरायचात, नुसती एकदा फिरवायचात आणि म्हणायचात, "फटफटी, किती खाल्लीस?" मी रडकुंडीला येऊन विचारलं, कळतं कसं? तर म्हणालात, "घडी माणूस घालतो, चुणी आपोआप पडते. घडी गप्प बसते, चुणी चुगली करते." माझ्या ऑफिसात हे वाक्य मी तुमच्या नावावर सांगितलं आहे. मॅडमनी ते फळ्यावर लिहून ठेवलंय.

आणि अशा माणसाला मी काय बोलले. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशीचा तो चहा, तुमचे मशीनवरचे सगळे सोबती घरात, आणि तुम्ही हसत हसत म्हणालात की मी खरी पाकिटं केली, आता पोरगी खोटी करणार. चेष्टाच होती ती. मला झोंबली. मी चारचौघांत म्हणाले, "तुमची पाकिटं लोक फाडून केरात टाकतात, बाबा. माझी निदान कुणी फाडणार नाही." तुम्ही कप खाली ठेवलात. तेव्हापासून बोलला नाहीत, असंच म्हणायला हवं. 'जेवलीस का' हे काही बोलणं नव्हे.

पहिला पगार झाला तेव्हा मी तुम्हाला तो निळ्या चौकटीचा शर्ट पाठवला. यायचं धाडस नव्हतं म्हणून कुरियरने. पिशवीवरच्या चिठ्ठीवर पेनाने लिहिलं होतं, 'माप बरोबर आहे का कळवा.' तुम्ही कळवलं नाहीत. त्यानंतर जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तुमच्या कपाटातल्या वरच्या फळीवर तो शर्ट मला दिसायचा, पिशवीत, घडीसुद्धा न मोडलेला. मी टॉवेल काढायच्या निमित्ताने बघायची. प्रत्येक वेळी वाटायचं, ठीक आहे, हेच तुमचं उत्तर. कंजूषपणा म्हणून वस्तू न वापरणारी माणसं असतात, तुम्ही त्यातले नाही. दादाने आणलेले बूट तुम्ही त्याच संध्याकाळी घालून फिरून आलात. म्हणजे राग माझ्यावरच होता. फोनवर खोकल्याबद्दल बोलताना हा शर्ट सतत माझ्या डोळ्यांसमोर असायचा.

मागच्या महिन्यात दोन दिवस येऊन गेले, तेव्हा वहिनीकडे जुन्या पिशव्या मागितल्या. तिने ओट्याखालचा सगळा गठ्ठाच माझ्या हवाली केला, वर म्हणाली, "ने बाई, पीडा टळली." इथे येऊन एकेक पिशवी स्कॅन करत होते. पाचवी की सहावी असेल, कडक, पारदर्शक, तोंडाशी फाटलेली. तिच्यावर एक पुसट चिठ्ठी. माझंच अक्षर. आधी वाटलं की शर्ट देऊन टाकलात कुणाला. मग आठवलं, शर्ट परवाच फळीवर पाहिला होता, नव्या कोऱ्या पिशवीत, आणि मला ती पिशवी बदललेली लक्षातही आली नव्हती. भंगारवाली म्हणे!

मग मी ती पिशवी स्कॅनरवर ठेवली आणि पडद्यावर वीसपट मोठी केली. बाबा, न उघडलेल्या पिशवीला तोंडाशी एकच रेघ असते. हिला इतक्या, की मोजता येईनात. तिचा मूळचा चिकट पट्टा केव्हाच मेलेला, त्यावर निळे धागे अडकलेले, शर्टाचे. पट्ट्यावर टेप, टेपवर टेप, तिच्यावर आणखी एक. प्रत्येक टेप कात्रीने सरळ कापलेली आणि प्रत्येकीचं टोक जरासं आत दुमडलेलं. कान ठेवलेला, म्हणजे पुन्हा उघडताना नख लावायला नको. घरात कान ठेवून टेप लावणारा एकच माणूस आहे. दादा टेप दाताने तोडतो. तळाशी, जिथे पिशवी मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरतात, तिथे दोन्हीकडे अंगठ्यांच्या चुण्या आहेत. इतक्या वेळा पडलेल्या की प्लॅस्टिक पांढरं झालं आहे. मी किती वेळ बघत बसले, माहीत नाही. शेवटी मैत्रिणीने येऊन विचारलं, रडतेस काय पिशवी बघून?

मी वहिनीला काही विचारलं नाही. तुम्हालाच विचारते, फटफटी नव्हे, तुम्ही, किती वेळा? आणि उघडून बघत होतात, तर मग घातला का नाहीत, याचं उत्तर मला दोन दिवसांनी भाजी चिरताना सुचलं. देणारा समोर बसल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. मी कुरियरने पाठवला, घरी आले तेव्हाही तुमच्यासमोर कधी बसले नाही, आणि सहा वर्षं तुमच्या रागाची मापं काढत बसले. आणि तुम्ही माझ्यासारखंच, मी न्हाणीघरात आहे असं समजून, टेप उचकटून बघत होतात. म्हणून हे पत्र. त्या दिवशी चहाच्या वेळी जे बोलले ते चुकलं, बाबा. तुमची पाकिटं लोकांनी फाडली, कारण ती फाडण्यासाठीच होती, आणि माझी चित्रं तुमच्याच चुण्यांवर उभी आहेत. शर्टाच्या त्या पिशवीची चमक पसरून बिस्किटाचं चित्र पुन्हा केलं, ते पास झालं. त्याच्यावर जी चमक आहे ती तुमच्या अंगठ्यांची आहे, हे फक्त मला माहीत होतं, आता तुम्हालाही. रविवारी सकाळी मी येते आहे. हातपाय धुऊन तुमच्यासमोर बसेन. तुम्ही शर्टाची घडी मोडा, आणि माप बरोबर आहे का ते सांगा.

तुमचीच,
फटफटी