डाव्या मडगार्डाचे बारा मिलिमीटर

मोदेना, मंगळवार, ६ मार्च १९८४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. हात साबणाने दोनदा धुऊन लिहायला बसलो आहे.

आदरणीय मेदार्दोमामांस एर्मेसचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? चेरीची छाटणी करायला शिडीवर चढू नका, असा आईचा निरोप आहे. (ती रागावलेली नाही, बोलतेच तशी.)

तुम्ही आणि कै. आरिगोकाकांनी १९५८ च्या हिवाळ्यात ठोकून घडवलेली लाल गाडी आमच्याकडे दुरुस्तीला आली आहे. सात बनल्या, त्यांतली ही तिसरी. डोंगरातली शर्यत जिंकली आणि पुढे चौदा वर्षे गवताच्या कोठारात पडून राहिली. आसनाखाली कोंबडीची अंडी निघाली. ताडपत्री काढली तेव्हा सगळा कारखाना हातातले काम टाकून भोवती जमला. मी टोपी काढली. (मॅडोनामातेच्या मिरवणुकीशिवाय मी ती काढत नाही, हे आपण जाणता.)

मग मी मोजमाप घेतले, आणि तिथेच घात झाला. (माझी शाळा लहानपणीच सुटली, म्हणून माझा फूटपट्टीवर फार विश्वास.) डावे मडगार्ड उजव्यापेक्षा बारा मिलिमीटर फुगीर निघाले. मला वाटले, कुठेतरी धडक बसली असावी. नऊ दिवस खपून मी ते उजव्यासारखे तंतोतंत केले. आमचे मालक लोरिस आले, त्यांनी पाहिले आणि खाली बसले.

"एर्मेस, बाळा, दोन्ही बाजू सारख्या फक्त शवपेटीच्या असतात."

त्या काळी गाडीचे आराखडे नव्हते. तारेचा सांगाडा, पत्रा ठोकायला वाळूची पिशवी आणि डोळा, एवढेच. डावी बाजू तुमची, उजवी आरिगोकाकांची, आणि पत्त्यांच्या डावावरून तुम्ही दोघे तो अख्खा हिवाळा एकमेकांशी बोलत नव्हतात. हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला मात्र लोरिसनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. सातही गाड्या त्यामुळे दोन बाजूंनी वेगळ्या आहेत, आणि जुन्या गाड्यांचे परीक्षक खरी गाडी त्यावरूनच ओळखतात. ते शनिवारी येणार. त्यांनी नक्कल म्हणून शेरा मारला, तर "तू उद्यापासून पाव भाज, त्यांना तरी मोजून कोणी खात नाही," असे लोरिस म्हणाले.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
एर्मेस

ता. क. – शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बसने या. हातोडा तुमचाच आणा.

पुन्हा ता. क. – लपवत नाही, काल मीच ठोकून पाहिले. बरोबर बारा मिलिमीटर आले, तीनदा मोजले. पण माझे बारा मिलिमीटर टेंगूळ आल्यासारखे दिसतात. तुमच्या बारा मिलिमीटरांमुळे गाडी उभ्या जागी वळण घेत होती.