दुसऱ्या पंगतीची पोरं

आई, तुझी पणती आर्ट्सला जाणार, हे आता नक्की झालं आहे. रविवारी माझ्या मुलीनं पुण्याहून फोन करून ही बातमी दिली आणि मागून फोन ओढून घेत पोरीनं स्वतःच दुजोरा दिला, "आजोबा, इतिहास घेणार आहे. फायनल." ठरायचं राहिलंय ते एवढंच, की ती पुण्यात शिकणार की माझ्याकडे कोल्हापुरात राहून, मी शिकलो त्या कॉलेजात. तिला इकडे यायचं आहे. तिच्या आईला धास्ती वाटते. ती म्हणाली, "बाबा, तिथली आर्ट्सची मुलं कशी असतात ते खरं सांगा. टवाळ असतात, दिवसभर कट्ट्यावर बसतात, दुसरीकडे कुठं जमलं नाही म्हणून आलेली असतात, असंच सगळे म्हणतात. तुम्ही सांगाल ते मी मानीन." सगळी नोकरी पेपरात काढलेल्या माणसाला असं काही विचारलं की तो लगेच उत्तर देत नाही, मुदत मागतो. मी पाच दिवस मागून घेतले. ते उद्या संपतात.

या विषयातलं माझं पहिलं शिक्षण तुझ्या खानावळीत झालं, म्हणून तुला लिहितोय. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारी ती लांबट खोली अजून जशीच्या तशी दिसते. भिंतीला पाठ लावून पाट मांडलेले. तू तव्यासमोर, एक भाकरी तव्यावर, एक निखाऱ्यावर, आणि तिथूनच सगळ्यांवर नजर. तुझा नियम पक्का होता. पहिली पंगत सायन्सच्या पोरांची, कारण त्यांना प्रॅक्टिकल असतं. कॉमर्सवाल्यांना जागा उरली तर पहिलीत, नाहीतर दुसरीत. आर्ट्सची पोरं मात्र कायम दुसरीत. "त्यास्नी कुठं गाडी गाठायची हाय? जेवत्यात कमी आन् बोलत्यात जास्त. हात वाळून कडकडीत झालं तरी उठत न्हाईत." हे तू त्यांच्या तोंडावर म्हणायचीस आणि ती पोरं हसून आणखी आमटी मागायची. मावशी म्हणायची तुला सगळी.

खोटं नव्हतंच ते. दुसरी पंगत खरंच उठायची नाही. निवडणूक, सिनेमा, कुणाच्या तरी प्राध्यापकाची नक्कल, असं सगळं उष्ट्या ताटांवर चालायचं. पहिली पंगत खाली मान घालून जेवायची आणि निघायची. मी दोन्ही पंगतींना वाढायचो आणि तुझं म्हणणं मला अगदी पटायचं. पुढे मी स्वतः आर्ट्सला गेलो तरी पटायचं. पहिल्या पंगतीच्या डोक्यावर दुसरी पंगत दारात उभी असते, भुकेली, चपला वाजवत, हे मला फार उशिरा सुचलं. दुसरीच्या मागे कुणीच उभं नसायचं. सायन्सवाले दुसरीत बसवले असतेस तर तेही हात वाळेपर्यंत बसले असते. तू पंगत लावलीस आणि पंगतीनं तुझं मत खरं करून दाखवलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लई शाणा झालायस, पाणी वाढ."

तो आजऱ्याचा मुलगा तुला आठवतो का? उंच, अबोल, खिशाला पेन, मनगटाला घड्याळ, ताटात कधी शीत न टाकणारा. पहिल्याच दिवशी तू त्याच्याकडे एकदा पाहिलंस आणि पहिल्या पंगतीत बसवलंस. वर्षभर तो तिथं जेवला. मग एक दिवस दुसऱ्या पंगतीतल्या एकानं दारातून ओरडून सांगितलं, "मावशी, ह्यो तर आमच्या वर्गातला की! तत्त्वज्ञानाला हाय." तुझ्या हातात आमटीचा डाव.

"व्हय रं?"

"व्हय, मावशी."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"तुमी इचारलंसा कुठं?"

पोरं फुटली हसायला. तू त्याच्या ताटात डाव रिकामा केलास आणि म्हणालीस, "बस तितंच. तू त्यातला न्हाईस." तो तिथंच बसत राहिला. त्याची फजिती मला तेव्हाही दिसत होती. सायन्सवाले त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचे आणि त्याच्या वर्गातले त्याला डॉक्टर म्हणून चिडवायचे. तो दोन्हीकडे हसायचा आणि कुणाशीच बोलायचा नाही. पण मी आज विचार करतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आर्ट्सचा एक पोरगा वर्षभर तुझ्या डोळ्यांदेखत वेळेवर येऊन नीट जेवून गेला, आणि त्यानं तुझं मत तसूभरही हललं नाही. तू त्यालाच आर्ट्समधून बाहेर काढलंस. मला पेपरात नोकरी लागली तेव्हा मलाही काढलंस. शेजारणीला सांगत होतीस, "आमचा पहिल्यापास्नं तसला न्हवताच."

तर बुधवारी मी कॉलेजात गेलो. बातमीला जावं तसाच गेलो, खिशात पेन घेऊन. झाडाखालचा कट्टा आता सिमेंटचा झालाय, पण भरलेला असतो. दोन मुलं आणि एक मुलगी बसली होती. एकानं विचारलं, "कुणाला हुडकताय, पावणं?" मी म्हटलं, "कुणाला नाही. इथलाच जुना विद्यार्थी आहे. तुम्ही आर्ट्सची का?"

"नावाला. आमी एमपीएससीवालं," तो म्हणाला आणि शेजारच्याकडे बोट केलं. "ह्यो खरा आर्ट्सचा. ह्याला कायबी येत न्हाय."

शेजारच्याला ते मान्य होतं. "खरं हाय, आजोबा. सायन्सला गेलतो, वर्षात माघारी आलो."

मुलगी गारगोटीकडची, रोज एसटीनं येणारी. तिला विचारलं तर म्हणाली, "घरच्यांनी लग्न ठरूस्तोवर म्हणून घातलंय. पदवी झाली की लगीन. म्हणून मी एम. ए. पण करणार हाय."

आम्ही चौघंही हसलो. मी म्हटलं, "म्हणजे लोक म्हणतात ते खरंच की मग." ती म्हणाली, "खरं हाय की. पण लोक तेवढंच बोलून थांबत्यात." मग तिनं विचारलं, मी कशाला आलोय. नातीचं सांगितलं. "ती का येतेय आर्ट्सला?" इतिहास, एवढंच माहीत होतं. का, हे मी विचारलंच नव्हतं. चार लोकांची मतं गोळा करायला घराबाहेर पडलो होतो आणि जिच्याबद्दल बातमी होती तिलाच विचारायचं राहिलं. ही चूक नवीन वार्ताहर करतो.

घरी आलो, छोट्या कुकरमध्ये मूठभर भात लावला आणि ओट्याशी उभ्यानंच जेवलो. तुझी सून गेल्यापासून असंच चाललंय. एका माणसासाठी ताट मांडायचं जिवावर येतं. तुझ्या खानावळीत गोंगाटानं डोकं उठायचं म्हणून मी पुस्तक घेऊन माडीवर पळायचो, आणि आता माडी रिकामी, खालचंही रिकामं. टीव्हीवर कुणी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर देतो. शेजारचे विचारतात, "बरं हाय न्हवं?" मी म्हणतो, बरं आहे. यापलीकडे दिवसभरात बोलणं होतंच असं नाही.

मुलीला काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलंय. लोक म्हणतात त्यातलं बरंच खरं आहे. काही पोरं दुसरीकडे जमलं नाही म्हणून येतात, काही वेळ काढायला येतात, कट्टाही खरा आहे. पण पोरं येतात तशीच बाहेर पडतात असं नाही, आणि कोण कसं होईल हे आधी मला ओळखता आलेलं नाही, तुलाही आलं नव्हतं. इथवर मजकूर ठीक आहे. अडतंय ते पुढे. तिनं माझ्यावर विश्वास टाकलाय, आणि या बाबतीत मी विश्वास टाकावा असा माणूस नाही. इथली मुलं चांगली असतात असं मी म्हणालो की पोर इकडे येते. संध्याकाळी कुणीतरी दार उघडून आत येईल, चप्पल कुठंतरी भिरकावेल, खायला काय आहे विचारेल. हे मिळणार असेल तर मी कुठल्याही कॉलेजातल्या कुठल्याही पोराला चांगलं म्हणेन. बुधवारी कट्ट्यावरची ती तिघं मला इतकी आवडली, त्यात त्यांचं किती आणि माझं किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

उद्या सकाळी फोन येईल. आधी पोरीला द्यायला सांगीन आणि तू का येतेस ते विचारीन, मध्ये न बोलता ऐकून घेईन. मग तिच्या आईला सांगीन, की माझं ऐकून ठरवू नकोस, मला ती इथं हवी आहे. त्यावर दोघी काय ठरवतात ते रविवारपर्यंत कळेल. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून तुला एक सांगून टाकतो, जे त्यांना सांगणार नाही. माडीवरची गादी मी परवाच उन्हात घातली.