दुपारी मिटणारी फुलं

१० मार्च

प्रिय वन्सं,

तुमचा गुडघा कसा आहे? मी मजेत. दुकानात पडद्यांची शिलाई चालू आहे, मान मोडून येते.

रविवारी पुन्हा इस्टेटीच्या बागेत गेले होते. तुम्ही म्हणाल, एकच बाग कितीदा बघायची! पण ती दर खेपेला वेगळीच असते. बंगल्यासमोरचे गुलाबाचे वाफे अगदी इस्त्री केल्यासारखे. तिथं मी रमत नाही. मागच्या उतारावरचं गवत मात्र बी पडेपर्यंत कापत नाहीत, म्हणून तिथं आपोआप उगवलेली फुलं असतात. एका पिवळ्या फुलाच्या पाकळ्यांना कातरल्यासारखी किनार आहे. एकाला चक्क कोऱ्या कापडाचा वास! आणि उतारभर बारीक निळ्या कळ्या. त्यांनी माझं डोकं खाल्लंय. दुपारच्या बसनं केव्हाही जा, मिटलेल्याच.

शेवटी बसच्या ड्रायव्हरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सकाळच्या फेरीचे लोक तर ‘निळा उतार, निळा उतार’ करत परततात." हा माणूस इतकी वर्षं फाटकाशी बस उभी करतोय, पण आत कधी पाऊल टाकलेलं नाही! म्हटलं, कमाल आहे तुमची.

आता एका रविवारी सकाळीच जाणार आहोत.

औषध चुकवू नका.

तुमची,
वहिनी


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं. गुडघ्याबद्दल एक ओळ आणि बाकी सगळा एकच प्रश्न: "जाणार आहोत म्हणजे कोण कोण?" तुमच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ!

आधी फुलांचं सांगते. हो, टाळतेय. थोडं टाळू द्या.

सकाळी पोचलो तर सगळा उतार निळा, कुणी कापडाचं ठाण उलगडून टाकावं तसा. ड्रायव्हरसाहेबांनी सुट्टी काढली होती. गणवेशाशिवाय मी त्यांना ओळखलंच नाही. फुलं मिटतात कशी ते बघायचं म्हणून गवतात बसलो. "तुम्ही या फुलावर डोळा ठेवा, मी त्या," असं त्यांनी वाटून दिलं. ऊन चढलं. फूल हलताना काही दिसेना. बाटली उघडून पाणी प्यायले आणि बघते तर मिटलेलं! त्यांचंही तसंच झालं, त्यांना नेमकी शिंक आली. आम्ही इतके हसलो की माळी बघायला आला. हे गेल्यापासून मी असं मोठ्यानं हसले नव्हते, वन्सं.

मग जातच राहिलो.

परवा येताना बसमध्ये शेवटची मीच उरले. गाडी चालवता चालवताच ते म्हणाले, "तुम्ही उतरून जाता ना, ते आताशा बरं वाटत नाही."

"मग काय करायचं?" मी विचारलं. जसं काही मला कळलंच नव्हतं.

"लग्न करू या का?"

विचार करून सांगते म्हणाले, आणि माझा थांबा यायच्या आत हो म्हणून बसले.

घरी आल्यावर ह्यांच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होते. रागावलेले वाटले नाहीत. पण फोटोतला माणूस रागावणार तरी कसा? त्यांच्या बाजूनं भांडू शकेल असं तुमच्याशिवाय आता कोण आहे? म्हणून सगळ्यांच्या आधी तुम्हाला लिहितेय. परवानगी मागत नाही, ‘हो’ तर म्हणून झालंय. पण तुमच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एक मात्र ठरवलंय. ‘हे’ म्हणजे तुमचे भाऊच. तो शब्द दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. ड्रायव्हरसाहेबांना मी नावानं हाक मारणार. सध्या शिवताना एकटीच सराव करते आणि एकटीच लाजते, या वयात!

रागावलात तर रागाचं पत्र लिहा. गप्प मात्र बसू नका.

तेव्हाची, आताची आणि लग्नानंतरचीही तुमचीच,
वहिनी