कपाटाची डावी बाजू

३ फेब्रु. २०००
खडकीची क्वार्टर महिनाअखेर सोडायची. आणखी मुदतवाढ नाही. साहेब नीट बोलले, चहाही पाजला, पण नाही. हे गेल्यावर दोन वर्षं राहू दिलं, तेच खूप. सुजाताने कर्ज काढून धायरीत घर घेतलंय. तिसरा मजला, लिफ्ट "येणार आहे".
सासऱ्यांना सांगितलं. "तुम्ही मायलेकी जा. मला गावाला सोडा, रघूकडे." रघू त्यांचा पुतण्या. आबा हट्टी आहेतच, पण आजचं हट्टाचं नव्हतं. मुलगा गेल्यापासून सगळ्याला असंच, हळू आवाजात "नाही".

७ फेब्रु.
पुस्तकांच्या कपाटावर घोडं अडलंय. यांनी फॅक्टरीतून आल्यावर रोज संध्याकाळी थोडं थोडं करत ते खोलीतच बांधलं. दारातून निघत नाही. टेंपोवाला म्हणाला, "ताई, जळणाला द्या." मी त्याला दुसऱ्या टेंपोवाल्याचा पत्ता विचारला.
चौथी शिकलेल्या बाईला कपाट कशाला, म्हणून शेजारी तेव्हा हसले होते. खालची फळी यांनी मुद्दाम बसल्या हाताला येईल अशी ठेवली. मी जमिनीवर बसून वाचते म्हणून.
सु. म्हणते, आई, नवीन घेऊ, स्टीलचं. मी भांडी घासली.

८ फेब्रु.
सकाळी वंदना झाल्यावर आबा कपाटापुढे उभे. बराच वेळ. मग म्हणाले, "अख्ख्या आगबोटी खोलून नेल्यात. हे काय मोठं?"
दुसऱ्या महायुद्धात आबा सरकारच्या नदीवाहतुकीत होते, ब्रह्मदेशात, एवढं माहीत होतं. बाकीचं आज कळलं. चिंदविन नदीवर बोटी उरल्या नव्हत्या, म्हणून त्या तुकड्यांनी आणल्या, डोंगरांतून, ट्रकवर लादून. काठावर जोडल्या. प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगाने खूण, कुठला कुठे बसायचा त्याची. आबा जोडणाऱ्यांत.
लायब्ररीतून युद्धावरची पुस्तकं आणून वाचली आहेत मी. त्यांत सेनापतींच्या टोप्यांपर्यंत सगळं आहे, बोटी जोडणारे नाहीत.
आबांनी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा मागितला. मागितला! लगेच जाऊन आणला, विचार बदलायच्या आत.

१३ फेब्रु., रवि.
सु. रविवारीही ऑफिसात. कपाट आम्ही दोघांनीच खोललं. आबा स्टुलावर बसून सांगत होते, "डावी एक. उजवी एक." मी पेचकस फिरवायची आणि फळीवर रंगवायची, डा १, उ १. जेवणानंतर त्यांचा डोळा लागला. उठवलं नाही. उरलेल्या खुणा मीच केल्या.
भिंतीवर कपाटाच्या आकाराची स्वच्छ जागा राहिली आहे. तिकडे पाठ करून स्वयंपाक केला.

२० फेब्रु.
धायरीला आलो. सामान वर चढवलं. फळ्या सगळ्या आबांच्या खोलीत.
रघूला येत्या रविवारी बोलावलंय त्यांनी. "कपाट उभं करतो आणि जातो." सु. रडली. मी पाणी भरलं.

२२ फेब्रु.
कपाट बसत नाही. निम्म्या फळ्यांची भोकं जुळतात, निम्म्यांची नाहीत.
"शालन, ही खूण कुणी केली?"
"मी."
"डावी कुठली धरलीस?"
मी डावा हात वर केला.
"तुझी नव्हे गं! कपाटाची. ते तोंड करून उभंय ना तुझ्याकडे?"
बोटीचं तसंच म्हणे. तिची डावी ती तिची, बघणारा कुठेही उभा असो. नाहीतर दोन काठांवरच्या दोघांनी दोन बोटी बांधल्या असत्या. आता सकाळच्या खुणा कपाटाच्या आणि दुपारच्या माझ्या.
सु. हसून हसून खाली बसली. "आबा, आमच्या ऑफिसात रोज हेच होतं."
"मग बुडणार तुमची कंपनी."
आणि हसले. चांगले आवाज करून.

२७ फेब्रु., रवि.
रघू आला. "काका, चला, दुपारची एस.टी. आहे."
"अर्धी बोट काठावर टाकून येऊ? सरकार काय म्हणेल?"
"कुठलं सरकार?"
आबांनी मानेने माझ्याकडे दाखवलं.
रघू जेवून एकटा गेला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

२ मार्च
आबा स्क्रू आणायला स्वतः खाली जातात. तीन जिने. एकदम सगळे आणत नाहीत, लागतील तसे. दुकानदाराला चिंदविन पाठ झाली असेल.
आज खालची फळी बसवली. यांनी ठेवली होती त्याच उंचीला. आबा म्हणाले, "बसून बघ." बसले. हात पोचला. मग जरा वेळ तशीच बसले. आबा खिडकीशी जाऊन स्क्रू निवडत राहिले.

४ मार्च
कपाट उभं आहे. फक्त उ ४ नाही. आबा म्हणाले, "खडकीला राहिली वाटतं." सु. म्हणाली, सुताराकडून नवी कापून आणते. तिच्यावर डाफरले. दुसऱ्या बोटीची फळी चालत नाही म्हणे.

५ मार्च, रवि.
सकाळी केर काढताना उ ४ सापडली. आबांच्या कॉटखाली, भिंतीकडे सरकवलेली, त्यांच्याच जुन्या टॉवेलात गुंडाळून. बाजूने केर काढला.
रघूचा फोन आला. "निघू का? काकांचं झालं ना?"
"एक फळी राहिलीय रे. शोधतोय. तू कशाला हेलपाटा घालतोस?"
त्या कप्प्यातली पुस्तकं तूर्त जमिनीवर. असू देत.
आत्ता हे लिहितेय तर आतून आवाज, "शालन, सापडली का गं?"
"नाही हो, आबा."
आत कॉट करकरली. मग, "शोध. पण घाई करू नकोस."